चार वाजून दहा मिनिटांची वाफ

खोलीत आर्द्रता अकरा टक्के.
अंदाजाने सांगत नाही. मापक आहे,
कंपनीच्या भंगारातून उचललेला,
काटा जरा मागे राहतो, मी दोन मिळवून धरतो.
बाहेर मंगफवर तोझ उठलाय,
समोरची इमारत कुणीतरी खोडरबराने पुसलेली.
खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबली
तर तासाभरात त्यांचे पापड.

अशा गावात मी ऑर्किड आणलं.
शुक्रवारच्या बाजारातून, एक दिनार,
फुलं झडलेली, तीन पानं, त्यातलं एक सुरकुतलेलं.
विकणाराही म्हणाला, हे काही जगायचं नाही.

मुकादम श्रीवर्धनचा. पोट धरून हसला.
"अरे, ही तर आमरी!
आमच्या आंब्यावर असल्या पोत्यानं.
बांडगुळासाठी पैसे मोजलेस?"
बांडगूळ नव्हे, मी म्हटलं.
ही झाडाला धरून असते, झाडाचं काही खात नाही.
"म्हणजे भाडेकरू," तो म्हणाला.
"मग भाडं काय देते?"

आधी थाळीत खडे, खड्यांत पाणी.
मग एसीच्या नळीखाली बाटली:
दिवसाकाठी अर्धा पेला,
हवेतच नाही तर एसी तरी कुठून आणेल.
मुळं चांदीची झाली की तहान,
पाणी पडलं की बघता बघता पोपटी.
चांदी फार वेळा दिसायची.

शेवटी तिला न्हाणीघरात ठेवली,
धुरकट काचेच्या खिडकीत, साबणांशेजारी.
चार माणसांची एक न्हाणी,
तिथेच काय तो दमट प्रदेश.
दारामागे खिळ्याला वही टांगली:
मुकादम, चार दहा, फजरच्या आधी, एकसष्ट.
बिजुमोन, साडेपाच, घाईत, पंचेचाळीस.
मी, सहा, पन्नास.
तिलक बहादुर, आठ, रात्रपाळीहून, गात गात, सत्तर.
तिलकला सांगितलं, तुझ्यामुळे जगतेय.
तेव्हापासून तो आणखीच लांब आंघोळ करू लागला
आणि बिजुमोन माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.
जुलैत तर गच्चीवरच्या टाकीतूनच उकळतं पाणी,
नुसता नळ सोडला तरी काचेवर थेंब.
एक नवं पान आलं. जिभेएवढं.

नोव्हेंबरात कंपनीने माणसं कमी केली.
मुकादमने बादली तिलकला दिली, इस्त्री मला,
कुंडीकडे बघून म्हणाला,
"तुला काय, तुझा कफील परुळेकर आहे."
विमान रात्रीचं होतं.
बिजुमोनने टॅक्सीचे पैसे काढले, त्याने घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहीत पहिली ओळ साडेपाचची.
पहाटेचा काटा बत्तीसवर.
आठवडाभर मी ते नुसतं लिहीत राहिलो,
मीटरवाल्याची सवय.
मग एका पहाटे जाग आली, चार वाजले होते.
उठलो. गीझर लावला. नळ सोडला,
दार ओढून घेतलं आणि बाहेर, चपलांच्या मांडणीपाशी,
दहा मिनिटं उभा राहिलो.
आतून पाण्याचा आवाज येत होता,
नेहमीसारखा.

पानाच्या बगलेतून काहीतरी निघालंय.
तिलक म्हणतो मूळ, बिजुमोन म्हणतो दांडी.
मूळ गोल टोकाचं, खाली वळतं;
हे चपटं आहे, मुठीत अंगठा धरल्यासारखं,
आणि काचेकडे बघतंय.
मी अजून मत दिलेलं नाही.

मुकादमचा फोन आला, मागे कोंबडे ओरडत होते.
काम बघतोय, म्हणाला, मिळेल.
मग एकदम: "काय रे, भाडं देते का?"
बघू, म्हटलं. जानेवारीत कदाचित.

पाण्याचं बिल वाढलं म्हणून हारीस वर आला होता.
त्याला वही दाखवली नाही.
तिच्यात आता रोज एक ओळ अशी असते:
चार दहा. कोणी नाही. एकसष्ट.